मोने, व्हॅन गॉग घरच्या भिंतीवर: ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत टिकेल अशी छापील प्रत

फ्रेमच्या दुकानात पहिला प्रश्न येतो, "साइज काय करायची?" बहुतेक प्रती इथेच बिघडतात, कारण उत्तर भिंत बघून दिलं जातं. ते चित्र बघून द्यायला हवं.

मोनेचं 'इम्प्रेशन, सूर्योदय' (१८७२, पॅरिसचं मार्मोत्ताँ मोने संग्रहालय) फक्त ४८ × ६३ सेंमी आहे. व्हॅन गॉगची 'तारांकित रात्र' (१८८९) ७३.७ × ९२.१ सेंमी. त्याची पुष्कळ प्रसिद्ध चित्रं याच मापाच्या आसपास आहेत, कारण फ्रान्समध्ये कॅनव्हास ठरलेल्या नंबरांत तयार मिळत आणि त्यातला ३० नंबर, म्हणजे ७३ × ९२ सेंमी, त्याच्या आवडीचा होता. उलट जॉर्ज सेराचं 'ग्रांद जात बेटावरचा रविवार' (१८८४-८६, शिकागो) २०७.५ × ३०८.१ सेंमी आहे. लांबी दहा फुटांहून जास्त, म्हणजे सिडकोच्या लहान फ्लॅटमधली एक आख्खी भिंत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या या चित्रांत माप ही बाहेरची गोष्ट नाही. ब्रशचा फटकारा झाकून, घासून गुळगुळीत करायची जुनी रीत या चित्रकारांनी सोडली होती. फटकारा जसा पडला तसा दिसतो, आणि तो मनगटाच्या, कोपराच्या हालचालीएवढाच मोठा असतो. सेराने 'ग्रांद जात' शेजारशेजारच्या रंगीत ठिपक्यांनी रंगवलं. ते ६० सेंमी रुंदीत छापलं की मुळात ५ मिमीचा असलेला ठिपका १ मिमीचा होतो. मग शेजारशेजारचे रंग डोळ्यात मिसळण्याऐवजी छपाईतच मिसळून जातात. चित्र ओळखू येतं, पण ज्यासाठी ते काढलं तेच उरत नाही. म्हणून आमचा आग्रह एकच: मूळ मापात छापा. मावत नसेल तर दुसरं चित्र निवडा, किंवा त्याच चित्राचा एक तुकडा मूळ मापात घ्या.

लहान घराला शोभतील अशी लहान चित्रं भरपूर आहेत. सेराने मोठ्या चित्रांआधी लाकडी फळ्यांवर केलेले तेलरंगातले अभ्यास साधारण १६ × २५ सेंमीचे आहेत. असे तीन एका ओळीत लावले तरी मीटरभर भिंत पुरते. व्हॅन गॉगचं १८८७चं शिकागोतलं आत्मचित्र ४१ × ३२.५ सेंमी, सेझानच्या 'पत्ते खेळणारे'ची पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातली आवृत्ती ४७.५ × ५७ सेंमी. एडवर्ड मुंकच्या 'किंकाळी'ची १८९५ची शिळाछपाईतली आवृत्ती तर साधारण ३५ × २५ सेंमी आहे. ती काळी-पांढरी असल्याने रंग जुळवायचा प्रश्नच येत नाही, आणि मूळही कागदावरचंच आहे. देगाची पेस्टलं याच कारणाने चांगली निवड ठरतात. कागद, वर काच, अशीच ती मुळात असतात.

तुकडा घ्यायचाच तर गुस्ताव्ह कायबोतचं 'पॅरिसचा रस्ता, पावसाळी दिवस' (१८७७, २१२.२ × २७६.२ सेंमी) बघा. ओल्या फरशीचा ४५ × ६० सेंमीचा तुकडा मूळ मापात छापला तर आख्ख्या चित्राच्या पोस्टरपेक्षा जास्त देतो. तुकडा निवडताना चेहरा मधोमध येईल असं कापू नका. रंगांच्या दोन-तीन पट्ट्या एकमेकींना भिडतात ती जागा शोधा.

क्लिम्टचं 'चुंबन' (१९०७-०८) मात्र टाळा. मागणी खूप असते, पण त्यात खरा सोन्याचा वर्ख आहे. शाईत सोनं उतरत नाही, मातकट पिवळा रंग येतो. शिवाय मूळ १८० × १८० सेंमी आहे.

हक्क आणि फाइल

भारतात चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो आणि ही वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. मोने (मृत्यू १९२६), क्लिम्ट (१९१८), मुंक (१९४४), इतकंच काय मातीसही (१९५४) आता मोकळे आहेत. पिकासो १९७३मध्ये गेला, त्यामुळे त्याच्या चित्रांवरचा हक्क इथे २०३३च्या अखेरपर्यंत आहे. चांगला छापखाना त्याची फाइल घ्यायला नाही म्हणाला तर तो बरोबरच आहे.

फाइल संग्रहालयाच्या संकेतस्थळावरूनच घ्या. शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन आणि ॲम्स्टरडॅमचं राइक्सम्युझियम हक्कमुक्त चित्रांच्या फाइली विनामूल्य देतात. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या प्रतीत रंग भडक केलेले असतात, कडा कापलेल्या असतात आणि चित्र नेमकं कुठलं तेही कळत नाही. व्हॅन गॉगच्या 'शयनगृहा'च्या तीन आवृत्त्या आहेत: ॲम्स्टरडॅमची १८८८ची, शिकागोची १८८९ची (७३.६ × ९२.३ सेंमी) आणि ओर्सेतली त्याच वर्षीची पण लहान (५७.५ × ७४ सेंमी). छापायला देताना संग्रहालयाचं नाव आणि माप फाइलच्या नावातच लिहून ठेवा.

पिक्सेल पुरतात का याचा हिशोब सोपा आहे. सेंटिमीटरला २.५४ने भागा, आलेल्या इंचांना २०० डीपीआयने (दर इंचाला किती ठिपके, तो आकडा) गुणा. ६३ सेंमी रुंदीला सुमारे ४९६० पिक्सेल लागतात. ३०० डीपीआयने ७४४० मिळाले तर उत्तम, १५०ने ३७२० ही शेवटची मर्यादा. त्याखाली मूळ मापाचा नाद सोडा आणि दुसरं चित्र बघा. तुकडा छापताना हिशोब पूर्ण चित्रावर करायचा: 'ग्रांद जात'चा कुठलाही तुकडा १५० डीपीआयने हवा असेल तर आख्ख्या फाइलची रुंदी १८,२०० पिक्सेलच्या आसपास असायला हवी.

आकडा पुरेसा असूनही फाइल धूसर असू शकते. म्हणून स्क्रीनवर १०० टक्के मोठी करून बघा. कॅनव्हासचं विणकाम किंवा ब्रशच्या केसांच्या रेघा दिसल्या तर फाइल खरी. एआयने 'मोठी' केलेली फाइल घेऊ नका. ती नसलेले फटकारे रंगवते, आणि जवळून पाहिलं की व्हॅन गॉगच्या हाताऐवजी कुठलाच नसलेला हात दिसतो. छापखान्याला फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली तर ती दाबली जाऊन लहान होते. पेन ड्राइव्ह द्या, लिंक द्या, किंवा फार तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

रंग 'सुधारू' नका

दुकानात ऑटो करेक्शन लावायची सवय असते. ते बंद ठेवायला स्पष्ट सांगा. या काळातले कित्येक रंग आधीच बदललेले आहेत. 'शयनगृहा'च्या भिंती फिकट जांभळ्या असल्याचं व्हॅन गॉगने ऑक्टोबर १८८८च्या पत्रात भावाला कळवलं होतं. त्यातला लाल रंग उडाला आणि भिंती निळ्या उरल्या. सेराने वापरलेला झिंक यलो काळवंडून मातकट झाला, त्यामुळे 'ग्रांद जात'मधलं ऊन लागलेलं गवत आज मुळापेक्षा मंद दिसतं. हे बदल संग्रहालयाच्या छायाचित्रात नेमके टिपलेले असतात. त्यावर कुणी सॅचुरेशन (रंगांचा भडकपणा) वाढवलं की हाती येणारं चित्र ना तेव्हाचं, ना आजचं.

प्रत स्क्रीनपेक्षा काळपट येते ही नेहमीची तक्रार. दोष बहुधा स्क्रीनच्या उजेडाचा असतो. फोनवरचा 'व्हिविड' मोड बंद करा, लॅपटॉपचा उजेड निम्म्यावर आणा आणि मग बघा. तरीही आख्खी प्रत काढण्याआधी चाचणीची पट्टी मागा: चित्रातला सगळ्यात गडद आणि सगळ्यात फिकट भाग येईल असा १० × ३० सेंमीचा तुकडा, तीन वेळा. एक आहे तसा, दोन थोडे थोडे उजळ केलेले. पट्टी दुकानातल्या ट्यूबलाइटखाली न ठरवता घरी न्या, जिथे चित्र लागणार त्याच भिंतीशी दिवसा आणि रात्री धरून बघा. पांढऱ्याशुभ्र ६५०० केल्विनच्या दिव्याखाली मोनेचे नारिंगी विझतात, पिवळ्या २७०० केल्विनखाली निळे मळतात. ४००० केल्विन आणि सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९०च्या वर असलेला दिवा मधला मार्ग आहे. फाइल आरजीबीतच (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत) द्या. स्वतः सीएमवायके (चार शाईंच्या छपाईचे रंग) करून नेली तर बारा शाईंच्या यंत्राचा अर्धा फायदा वाया जातो.

कागद

ठाण्यात स्टेशनच्या आसपास आणि वाशीत छापखाने पुष्कळ, पण फ्लेक्स, आर्ट कार्ड आणि लग्नपत्रिकांचं यंत्र इथे उपयोगाचं नाही. विचारायचं ते असं: पिग्मेंट शाईचं (विरघळलेल्या रंगाऐवजी रंगाचे बारीक कण असलेल्या शाईचं) इंकजेट आहे का, आणि सुती रॅग कागद (कापसाच्या तंतूंचा) मिळेल का? ३०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम) आसपासचा, मॅट, ब्राइटनर (कागद जास्त पांढरा दाखवणारं रसायन) नसलेला. ब्राइटनरवाला कागद आज निळसर पांढरा दिसतो, पुढे पिवळा पडतो. मॅट घेण्यामागे इतिहासही आहे. मोने, पिसारो यांना चित्रावर चकचकीत वॉर्निश नको असे, कारण त्याने रंगांची उजळ, कोरडी पातळी बदलते. फक्त एदुआर माने (मोने नव्हे) किंवा मुंकसारखे गडद काळे असतील तर सॅटिन बराइटा (किंचित चमक असलेल्या, फोटोच्या) कागदावर काळा अधिक खोल येतो. त्या बदल्यात खिडकीचं प्रतिबिंब सोसावं लागतं.

कॅनव्हासवर छापू नका, कितीही आग्रह झाला तरी. फाइलमध्ये मूळ कॅनव्हासचं विणकाम असतंच. त्यावर छपाईच्या कॅनव्हासचं दुसरं विणकाम चढलं की दोन्ही एकमेकांना खातात. शिवाय चौकटीवर ओढून बसवताना चारही कडा ४-४ सेंमी मागे वळवल्या जातात. ४८ × ६३चं चित्र समोरून ४० × ५५ उरतं, म्हणजे २७ टक्के चित्र भिंतीकडे तोंड करून बसतं. आणि जुलैत तो कॅनव्हास झोळ खातो.

ए२, ए३ या मापांच्याही मागे लागू नका. त्यांचं प्रमाण १.४१, व्हॅन गॉगच्या ३० नंबरचं १.२६. ए२ भरून काढायचं तर उंचीतले ११ टक्के कापले जातात. रोलवर छापून घ्या आणि चारही बाजूंनी ३ सेंमी कोरा कागद सोडायला सांगा. 'इम्प्रेशन, सूर्योदय'साठी कागद ५४ × ६९ सेंमी होतो. तो २४ इंची रोलवर बसतो आणि बिल साधारण ४ चौरस फुटांचं येतं.

प्रत हातात आली की लगेच फ्रेम करू नका. शाईतले द्रव हळूहळू उडत असतात. काचेआड कोंडले गेले तर महिन्याभरात काचेला आतून धुकट थर येतो. साधा कोरा, ॲसिड नसलेला कागद वर ठेवून किमान एक दिवस सपाट ठेवा, पावसाळ्यात दोन-तीन. नळीत गुंडाळून आलेली प्रत उलटी गुंडाळून सरळ करायला जाऊ नका, शाईचा थर तडकतो. वर सपाट वजन ठेवा, ती आपोआप बसते.

फ्रेमची आतली बांधणी

ठाणे खाडीच्या दोन्ही काठांना जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता सलग कित्येक दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते. कागद ओलावा पितो, पसरतो, मग एसी लागला की आकसतो. त्याला हालचालीला जागा नसेल तर लाटा येतात. काचेला टेकला असेल तर चिकटतो, आणि चिकटलेली प्रत काचेवरून न फाडता निघत नाही. पुढची सगळी बांधणी या दोन गोष्टींसाठी आहे.

प्रत मागच्या माउंटबोर्डाला (फ्रेमिंगच्या जाड पुठ्ठ्याला) फक्त वरच्या कडेला, दोन ठिकाणी टांगायची. जपानी टिश्यूचे २ × ४ सेंमीचे तुकडे आणि मिथाइल सेल्युलोजची पातळ खळ वापरा. गव्हाची खळ परंपरेने चालते, पण आपल्याकडे ती कसरीला आमंत्रण ठरते. सेलोटेप, फेव्हिकॉल, दुहेरी टेप, स्प्रे यांतलं काहीही नको. चारही बाजू चिकटवलेला कागद दमटपणात फुगतो तो मधोमध. काही दुकानांत प्रत एमडीएफवर पूर्ण चिकटवून वर लॅमिनेशन करतात. ते पहिल्या वर्षी सपाट दिसतं, नंतर एमडीएफच्या कडा फुगतात आणि सोबत प्रतही जाते.

पुढचा माउंट, म्हणजे चित्र दिसायला मधोमध खिडकी कापलेला बोर्ड, ॲसिड-फ्री घ्या. कापल्यावर आतला गाभा पांढरा दिसायला हवा. पिवळट गाभा असेल तर दोन-तीन वर्षांत कापाच्या कडेने तपकिरी रेघ चित्रावर उमटते. खिडकी चित्रापेक्षा चारही बाजूंनी ५ मिमी मोठी कापून घ्या, म्हणजे चित्राची कड आणि कोपऱ्यातली सही झाकली जात नाही. 'इम्प्रेशन, सूर्योदय'च्या उदाहरणात खिडकी ४९ × ६४ होते. माउंटची पट्टी ७ सेंमी, खाली ८. बाहेरचं माप आलं ६४ × ७८ सेंमी. फ्रेमची पट्टी अडीच सेंमी रुंद असेल तर कोपऱ्यांच्या कापांसह साधारण १० फूट लागते. दुकानदार रनिंग फुटाने भाव सांगतो तेव्हा हा आकडा हाताशी असू द्या.

काच २ मिमीची असेल तर या मापाला अडीच किलो भरते, तेवढ्याच जाडीचं ॲक्रिलिक सव्वा किलोच्या आत. मोठ्या चित्राला ॲक्रिलिकच बरं. दाणेदार नॉन-ग्लेअर काच प्रतीपासून माउंटएवढी दूर गेली की बारीक फटकारे धूसर करते, ती नको. माउंट लावायचाच नसेल तर काच आणि कागद यांच्यात ५ मिमीचा स्पेसर (अंतर राखणारी पट्टी) हवाच.

मागे हार्डबोर्ड, पुठ्ठा, जुनी वर्तमानपत्रं घालायची इथे रीत आहे. तिन्ही ओलावा धरतात आणि ॲसिड सोडतात. त्याऐवजी सनपॅक शीट (प्लॅस्टिकचा पोकळ, पन्हळी पत्रा) किंवा ३ मिमीचं एसीपी (ॲल्युमिनियमच्या दोन थरांमध्ये प्लॅस्टिक असलेला पत्रा) मागा. काच, माउंट, प्रत, मागचा बोर्ड, सनपॅक हा थर एकत्र धरून चारही कडांना टेप फिरवून बंद करा आणि मग तो आख्खा फ्रेमच्या खाचेत बसवा. खाच थरापेक्षा ३ मिमी मोठी असू द्या. कसर शिरते ती कडेच्या फटीतून, त्यामुळे टेप कोपऱ्यात तुटलेली नाही ना, एवढं नक्की बघा.

हे काम नोव्हेंबर ते मार्च यांत उरकावं. जुलैत बंद केलेल्या फ्रेममध्ये जुलैची ओल कोंडली जाते आणि बुरशीला घर मिळतं. थांबणं शक्यच नसेल तर प्रत आणि बोर्ड एक दिवस एसीच्या खोलीत उघडे ठेवा आणि तिथेच टेप लावा.

फ्रेमचा रंग ठरवताना सोनेरी नक्षीची सवय बाजूला ठेवून बघा. १८७७च्या प्रदर्शनात पिसारो आणि देगाने पांढऱ्या चौकटी लावल्या होत्या, कारण सोनेरी झाक शेजारच्या रंगांवर पडते. 'ग्रांद जात' आजही पांढऱ्या चौकटीत आहे. व्हॅन गॉगने १८८७च्या एका फळांच्या चित्राची चौकट स्वतः पिवळी रंगवली होती. साधी, सपाट, ऑफ-व्हाइट रंगाची सागवानी पट्टी या चित्रांना फार छान शोभते.

भिंत

पश्चिम आणि नैर्ऋत्येची बाहेरची भिंत पावसाचा मार खाते. घोडबंदर रोडच्या उंच मजल्यांवर तर वाऱ्यासकट. तिथे चित्र लावू नका. सिडकोच्या जुन्या इमारतींत तळमजल्यावर जमिनीतून ओल चढते. रंगाला पोपडे, पांढरी खार दिसली तर तीही भिंत बाद. आतली, दोन खोल्यांमधली भिंत सगळ्यात सुरक्षित. गॅससमोरची आणि दुपारचं थेट ऊन येणारी भिंतही नको.

नव्या टॉवरांत भिंती बऱ्याचदा सलग काँक्रीटच्या असतात. साधं ड्रिल घसरतं, हॅमर ड्रिल आणि ६ मिमीचा बिट लागतो. हलक्या पांढऱ्या एएसी ब्लॉकची भिंत असेल तर छोटा प्लग सैल होतो, लांब नायलॉन प्लग घ्या. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नका, आत वायर असते. ६० सेंमीपेक्षा रुंद फ्रेमला दोन हुक द्या, म्हणजे ती तिरकी होत नाही. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमीवर ठेवा. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबरी बुटं लावा. भिंत आणि फ्रेममध्ये सेंटिमीटरभर हवा खेळली की मागे ओल साचत नाही.

पावसाळ्यात

महिन्यातून एकदा फ्रेम उतरवून पाठ बघा. हाताला गार-दमट लागली तर चार दिवस आतल्या खोलीत पंख्याखाली उभी ठेवा. काचेच्या आत पांढरे ठिपके दिसले तर फ्रेम उघडा, प्रत सावलीत कोरडी होऊ द्या, मऊ, कोरड्या ब्रशने खिडकीबाहेर झटका आणि माउंट नवा घाला. जुना पुसून परत वापरला तर बुरशी परत येते. प्रतीला ओलं कापड, स्पिरिट लावायचं नाही, पिग्मेंट शाई उचलली जाते. उन्हातही ठेवू नका, कागद एका बाजूने आकसून वाकतो.

काच पुसताना फवारा काचेवर मारला तर पाणी खालच्या खाचेतून माउंटमध्ये शिरतं, म्हणून तो कापडावर मारा. ॲक्रिलिकला अमोनिया असलेलं काच साफ करायचं द्रव चालत नाही, त्याने ते धुरकट होतं. साध्या पाण्यात किंचित भिजवलेलं सुती कापड पुरतं.